सातबाऱ्यावर आजीचं नाव नाही, पण चर्चच्या चोपडीत आहे! वसईच्या जुन्या लग्ननोंदी काय सांगतात, कशा वाचायच्या

वसई : वारस नोंदीचं काम निघालं की घरोघरी एकच धावपळ सुरू होते. जुनं खोकं उघडायचं, पिवळे पडलेले कागद काढायचे, फेरफाराचे उतारे चाळायचे. पणजोबाचं नाव सापडतं, आजोबाचं सापडतं. पणजीचं नाव मात्र कुठेच नसतं. सातबाऱ्यावर पुरुष, फेरफारात पुरुष, आणि घरी कुणी वंशावळ काढून ठेवली असेल तर तिच्यातही बहुतेक पुरुषच. आत्या, मोठी आजी, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुली कागदावरून पुसल्या गेलेल्या असतात.

वसई तालुक्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे पापडी, सांडोर, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ते अर्नाळ्यापर्यंतच्या ख्रिस्ती गावांत, या पुसलेल्या बायका सापडण्याची एक जागा अजून शिल्लक आहे. ती म्हणजे धर्मग्रामाचं लग्नाचं रजिस्टर, जुनी माणसं जिला चोपडी म्हणतात. तिच्यात नवरीचं नाव असतं, नवरीच्या बापाचं असतं आणि आईचंही असतं. दीडशे वर्षांपूर्वी सरकारी कागदावर जिचं नाव यायचं काही कारणच नव्हतं, ती बाई इथे नाव-गावासह बसलेली असते.

चर्चने हे लिहून ठेवायला कधी आणि का सुरुवात केली, हे आधी समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल.

साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपात चोरून होणाऱ्या लग्नांचा मोठा घोळ होता. दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लग्न झालं, असं धरलं जायचं. साक्षीदार नाही, कागद नाही. पुढे नवरा म्हणायचा, लग्न झालंच नव्हतं. बाई आणि पोरं रस्त्यावर. या भानगडी मिटवण्यासाठी ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी फर्मान काढलं. लग्न धर्मगुरूसमोर आणि किमान दोन साक्षीदारांसमोर व्हायला पाहिजे, त्याआधी सलग तीन सणांच्या दिवशी चर्चमध्ये जाहीर घोषणा व्हायला पाहिजे, आणि जोडप्याची व साक्षीदारांची नावं, दिवस आणि ठिकाण धर्मगुरूने वहीत लिहून ठेवायला पाहिजे. ती वही जपून ठेवायची जबाबदारीही त्याचीच. पुढे १६१४ मध्ये रोमहून जो विधिग्रंथ निघाला त्यात स्नानसंस्कार, दृढीकरण, लग्न, मृत्यू आणि घरटी माणसांची गणती अशा पाच वह्यांचे नमुनेच छापून दिले होते.

आता वसईकडे या. गुजरातचा सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. ते तिला बासाईं म्हणायचे. किल्ल्यातलं सेंट जोसेफचं मोठं चर्च, ज्याचा मनोरा आज पडक्या अवस्थेतही लांबून दिसतो, ते १६०१ मध्ये पुन्हा बांधल्याचा शिलालेख होता. याच वसईतले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. म्हणजे ट्रेंटचा नियम निघाला तेव्हा इथे चर्च होतं, धर्मगुरू होते, लग्नंही लागत होती.

मग त्या काळातल्या चोपड्या मिळतील का? इथे बऱ्याच जणांची अपेक्षा फार वाढलेली असते. चारशे वर्षांची वंशावळ मिळेल असं समजून माणसं जातात आणि हिरमुसून परत येतात. १७३९ मध्ये काय झालं ते लक्षात घ्या. चिमाजी अप्पांच्या सैन्याने वेढा घालून किल्ला घेतला आणि १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती लोकांसाठी पाच चर्च राखण्याचं ठरलं होतं. वसई शहरात तीन, वसईच्या मुलखात एक आणि साष्टीत एक. बाकीच्यांचं छप्परही टिकेल की नाही अशी स्थिती, तिथे कागदांचं काय घेऊन बसलात! त्यातून वाळवी, कसर, पावसाळ्याची ओल आणि समुद्राची खारी हवा हे चार शत्रू कायमचे आहेतच. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाची चोपडी वेगवेगळ्या सालापासून सुरू होते. शेजारच्या गावाला जुनी नोंद मिळाली म्हणजे आपल्यालाही मिळेलच, असं नाही.

कागदावर 'दमण' का लिहिलंय?

जुन्या दाखल्यावर कधी दमणचं नाव दिसतं. लगेच घरात चर्चा सुरू होते की आपले पूर्वज दमणचे. तसं नसतं. मराठे आले, मग इंग्रज आले, तरी वसईच्या चर्चांचा कारभार धर्माच्या बाबतीत पोर्तुगीज बाजूकडेच राहिला, आणि तिथले धर्मगुरू पुष्कळदा गोव्याकडचे असत. १८८६ मध्ये दमण नावाचा धर्मप्रांत झाला, त्यात वसईची चर्च होती. १९२८ मध्ये तो धर्मप्रांत मोडला आणि ही चर्च मुंबईच्या धर्मप्रांताकडे गेली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो २२ मे १९९८ रोजी. म्हणजे एकाच चर्चच्या तीन पिढ्यांतल्या दाखल्यांवर तीन वेगळी नावं असू शकतात. जिल्ह्याचंही तसंच आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधीच्या सगळ्या कागदांवर ठाणेच असणार. कुणी अधिकारी शंका काढायला लागला तर ही सालं सांगायची.

आणखी एक घोळ गावांच्या नावांचा. लिहिणारा परका, त्यामुळे कानाला लागलं तसं लिहिलं. आगाशीला पोर्तुगीज कागदांत आगासाईं म्हटलेलं आहे. पण गोव्यातही एक आगासाईं आहे, आपण आगशी म्हणतो ती. नुसतं नाव वाचून 'आमचं मूळ गोव्यात' असं ठरवून टाकण्याआधी नोंदीत पुढे धर्मग्राम कुठलं लिहिलंय ते बघावं.

नोंद वाचायची कशी

जुन्या नोंदी बहुतेक पोर्तुगीजमध्ये असतात. नंतर लॅटिन आणि इंग्रजी येतं, मराठी त्यानंतर. पण घाबरायचं कारण नाही. लग्नाची नोंद ठरलेल्या साच्यात असते. आठ-दहा शब्द ओळखता आले की निम्मं काम झालं.

सुरुवात तारखेने होते आणि तारीख पुष्कळदा आकड्यांत नाही, अक्षरात असते. 'मिल ऑईतोसेंतुश' दिसलं की अठराशे सालातली नोंद, 'मिल नोवेसेंतुश' म्हणजे एकोणीसशे. महिन्यांची नावं इंग्रजीच्या जवळची आहेत. जानेरु, फेवरेरु, मार्सु, आब्रील हे कुणालाही कळेल.

फसवणारे महिने शेवटचे चार. लिहिणारा घाईत असला की सप्टेंबरला '७ब्रे' लिहायचा, ऑक्टोबरला '८ब्रे', नोव्हेंबरला '९ब्रे' आणि डिसेंबरला फुलीसारखं रोमन दहाचं चिन्ह काढून पुढे 'ब्रे'. कारण लॅटिनमध्ये सप्तेम म्हणजे सात, ऑक्तो म्हणजे आठ, नोवेम नऊ, देसेम दहा. आपल्याकडचं सप्त आणि अष्ट तेच. वाचणारा मात्र सात दिसलं की जुलै समजतो. दोन महिन्यांचा फरक पडतो आणि मग बाकीच्या कागदांशी तारीख जुळत नाही. दाखल्याची नक्कल हातात आली की ही गोष्ट आधी तपासावी. भर पावसातली जुलै-ऑगस्टची लग्नं जास्तच दिसायला लागली, तर समजावं की वाचण्यात कुठेतरी चुकतंय.

तारखेनंतर नवरा. त्याच्या नावापुढे 'सोल्तेइरु' असेल तर तो अविवाहित, 'वियुवु' असेल तर बिजवर. मग 'फिल्यु लेजीतिमु दि', म्हणजे अमक्या-अमकीचा औरस मुलगा, आणि पाठोपाठ बापाचं आणि आईचं नाव. 'नातुराल दि' म्हणजे जन्माने कुठला. 'फ्रेगेझिया' म्हणजे धर्मग्राम; कोकणीतला फिर्गज हा शब्द याच्यातूनच आलाय. आईबापांपैकी कुणाच्या नावाशी 'देफुन्तु' किंवा 'देफुन्ता' असेल तर ते माणूस तोवर वारलेलं होतं. हा शब्द फार कामाचा. मृत्यूची नोंद सापडत नसली, तरी मुलाच्या लग्नाआधी बाप गेला होता एवढं त्यावरून पक्कं होतं.

नंतर त्याच साच्यात नवरी. 'फिल्या' म्हणजे मुलगी, 'वियुवा' म्हणजे विधवा. विधवेच्या नोंदीत पुष्कळदा बापाऐवजी मेलेल्या नवऱ्याचं नाव असतं. ते बापाचं समजून वंशावळ भलत्याच घरात नेऊन ठेवल्याचे प्रकार होतात. शेवटी 'तेस्तेमुन्यास', म्हणजे साक्षीदार, आणि तळाला धर्मगुरूची सही. साक्षीदाराला लिहिता येत नसेल तर नावाशेजारी क्रुसाची खूण असते.

साक्षीदारांची नावं गाळून पुढे जाऊ नका. ते शक्यतो चुलते, मामे किंवा त्याच आळीतले शेजारी असायचे. एका गावात एकाच नावाचे तीन पास्कोल आणि चार इनास असतील, तर आपला कोणता हे कधीकधी साक्षीदारावरूनच ठरतं.

नाव हीच वसईतली सगळ्यात मोठी अडचण आहे. आडनावं मोजकी. परेरा, लोपीस, डायस, रॉड्रिक्स, घोन्साल्विस अशीच पुन्हा पुन्हा येतात. नावंही संतांचीच. चोपडीत 'सेबास्तियांव' असतो, घरात त्याला 'बस्त्याव' म्हणतात आणि तलाठी तिसरंच काहीतरी लिहितो. रॉड्रिक्स, रॉड्रिग्ज आणि रॉड्रीग एकाच घरातले असू शकतात. म्हणून एकट्या नावावर कधी जाऊ नये. नाव, बापाचं नाव, आईचं नाव आणि गाव किंवा आळी, ही चारही जुळली तरच माणूस आपला म्हणायचा. तीन जुळली आणि आईचं नाव जुळत नसेल तर थांबावं. बापाचं दुसरं लग्न असू शकतं, किंवा ते सरळ दुसरंच घर असू शकतं.

काही नोंदींत एक जादा ओळ सापडते. नवरा-नवरी अमुक पायरीच्या नात्यात आहेत आणि त्यांना सवलत दिली आहे, अशी. ती मिळाली तर नशीबच समजा. जुन्या चर्चच्या नियमात चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात परवानगीशिवाय लग्न होत नसे. सख्खी भावंडं ही पहिली पायरी, चुलत-मामे-आते भावंडं दुसरी, त्यांची मुलं एकमेकांना तिसरी, त्या मुलांची मुलं चौथी. म्हणजे नोंदीत 'तिसरी पायरी' लिहिलं असेल, तर दोघांच्या पणजोबा-पणजीचं जोडपं एकच होतं. एका ओळीत वर तीन पिढ्यांचा सांधा जुळला. १९१८ पासून ही मर्यादा तिसऱ्या पायरीवर आली. १९८३ च्या नव्या नियमांत मोजायची पद्धतच बदलली, आणि आता अडसर साधारण सख्ख्या चुलत-मामे भावंडांपर्यंतच आहे. त्यामुळे आजच्या कागदावरची 'चौथी पायरी' आणि १८८० सालातली 'चौथी पायरी' एक धरू नये.

लग्न दुसऱ्या गावात झालं असेल तर?

नेहमीचा प्रश्न. लग्नाची नोंद जिथे लग्न लागलं तिथल्या चोपडीत असते. पुष्कळदा ते नवरीचं गाव. आपण मात्र नवऱ्याच्या गावात शोधत बसतो.

इथे स्नानसंस्काराचं रजिस्टर उपयोगी पडतं. रोमने १९०७ मध्ये एक फर्मान काढलं, ते १९ एप्रिल १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालं. त्यानुसार माणसाचं लग्न कुठेही होवो, त्याची खबर त्याच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कळवायची आणि तिथल्या नोंदीच्या समासात लग्नाची तारीख, ठिकाण लिहायचं. आजही हा नियम आहे. म्हणून १९०८ नंतरचं लग्न शोधायचं असेल तर आधी जन्मगावच्या स्नानसंस्काराच्या नोंदीचा समास बघायला सांगा. गिरीजची मुलगी लग्न लागून थेट मुंबईला गेलेली असली, तरी समासात तिचा पत्ता लागण्याची शक्यता असते.

कागदाला कायद्यात वजन किती

चर्चचा दाखला म्हणजे घरगुती चिठ्ठी, असा एक गैरसमज सरकारी कचेऱ्यांत मधूनमधून भेटतो. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा आहे. कॅथलिक धर्मगुरूने दर तीन महिन्यांनी लग्नांची विवरणं सरकारी महानिबंधकाकडे पाठवावीत, हे त्याच्या कलम ३० मध्ये आहे. रजिस्टर ताब्यात असणाऱ्याने योग्य फी घेऊन शोध घेऊ द्यावा आणि सहीची नक्कल द्यावी, हे कलम ७९ मध्ये. आणि कलम ८० प्रमाणे रजिस्टरची प्रमाणित नक्कल लग्नाचा पुरावा म्हणून चालते. टेबलापलीकडच्या माणसाला हे कलम शांतपणे दाखवावं. अलीकडच्या लग्नांसाठी मात्र राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत सरकारी नोंदणीही करून घ्यावी. पासपोर्टापासून बँकेपर्यंत तेच मागतात.

जमिनीचा विषय निघाला की खरी कसोटी लागते. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो. विधवा मागे असेल तर तिचा एक तृतीयांश, उरलेलं मुलांचं, आणि मुलगा-मुलगी यांत फरक नाही. लग्न झालेल्या मुलीलाही तेवढाच वाटा. पण लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लागतं आणि साठ वर्षांनी 'हीच ती मुलगी' हे सिद्ध करायची वेळ येते. शाळेचा दाखला नाही, जन्माचा सरकारी दाखला नाही, आधारवर नवऱ्याचं नाव. अशा वेळी स्नानसंस्काराचा दाखला तिला बापाशी जोडतो, आणि लग्नाची नोंद माहेरचं नाव सासरच्या नावाशी जोडते. दोन्ही लागतात, एकाने भागत नाही. वाडीला गुंठ्याचा भाव आला तशी ही प्रकरणं वाढायचीच, आणि भाऊ म्हणतो म्हणून गप्प बसलेल्या बहिणींनी निदान कागद तरी काढून ठेवावा. त्याने हक्क लगेच पदरात पडतो असं नाही. शेवटचा निकाल अधिकाऱ्याचा किंवा कोर्टाचाच असतो.

एक सावधगिरीही. पोर्तुगीज भाषेतली नोंद आहे म्हणजे पोर्तुगालचा पासपोर्ट मिळेल, असं सांगून पैसे उकळणारे एजंट फिरत असतात. पोर्तुगीज नागरिकत्वाचा जो मार्ग आहे तो डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेल्यांसाठी आणि त्यांच्या पुढच्या पिढीसाठी. वसई १७३९ लाच त्यांच्या हातून गेली. वसईच्या चोपडीतली नोंद त्या कामाची नाही.

चर्चमध्ये जाताना

रजिस्टर हे सार्वजनिक वाचनालयातलं पुस्तक नाही. 'आईबाप अज्ञात' असं लिहिलेल्या मुलांच्या नोंदी त्यात असतात, मोडलेल्या संसारांचे शेरे असतात. ती माणसं गेली तरी त्यांची नातवंडं गावात आहेत. म्हणून धर्मगुरू चोपडी सरसकट कुणाच्या हातात देत नाहीत, आणि त्यात राग मानण्यासारखं काही नाही. नात्याचा पुरावा, ओळखपत्र आणि लेखी अर्ज घेऊन जावं. 'आमच्या आजीचं बघा' एवढ्याने काम होत नाही. अर्जात अंदाजे साल द्यावं, पाच-सात वर्षं मागेपुढे चालतील. साल माहीत नसेल तर थोरल्या मुलाच्या जन्मावरून एक-दोन वर्षं मागे जावं. आगमनकाळ आणि उपवासकाळात थाटाची लग्नं लावायला पूर्वी बंदी असे. भातशेतीच्या गावात मग उरतात ते नाताळचे दिवस संपल्यापासून राखेच्या बुधवारापर्यंतचे आठवडे आणि ईस्टर झाल्यापासून पावसापर्यंतचे. शोध तिथूनच सुरू करायला सांगावा. नाताळ, पवित्र आठवडा आणि गावच्या सणाच्या दिवसांत ऑफिसवर जाऊ नये, तिथे कुणालाच वेळ नसतो.

चोपडी समोर उघडलीच, तर बोटाला थुंकी लावून पान उलटू नये. जुनी शाई लोखंडाच्या क्षाराची असते, ती वर्षानुवर्षं कागद खात जाते आणि अक्षराच्या जागी भोक पडतं. असं पान दाबलं की तुटलंच. मोबाइलने फोटो काढायला परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद ठेवावा, आणि नुसती आपली नोंद न घेता अख्खं पान घ्यावं, वरचं साल आणि बाजूचा समास येईल असं. घरात जुना दाखला असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशनही करू नये. ती पट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि काढायला गेलं की अक्षरंही सोबत निघतात. कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालून, जमिनीपासून वर, पत्र्याच्या पेटीपेक्षा लाकडी कपाटात ठेवावा. पत्र्याला आतून घाम येतो.

नक्कल मिळाल्यावर ऑफिस सोडण्याआधी तिथेच उभं राहून एकदा वाचावी. नवरीच्या आईचं नाव लिहिलंय का, हे आधी बघावं. छापील फॉर्मवर उतरवताना अनेकदा तेच राहून जातं.